आधी गेज तपासावं

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघे आता साष्टांगाला परवानगी देत नाहीत, त्यामुळे हा खुर्चीत बसूनच घातलेला समज. भावना मात्र जमिनीपर्यंत पोचलेली आहे.) तुझा खोकला कसा आहे? फोनवर तू "बरा आहे" म्हणतेस, पण तेवढं म्हणताना मधे दोनदा खोकतेस, तेव्हा त्या निवेदनावर माझा विश्वास नाही. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून जीव भांड्यात पडला. ऑपरेशननंतर आठव्या दिवशी तू रोपवाटिकेत हजर झालीस आणि चौदा माणसांना कामाला लावून स्वतः पंधराव्याचं काम करत होतीस, हे तुझ्या मुलाने मला तक्रारीच्या सुरात सांगितलं. मी ते कौतुकाच्या सुरात ऐकलं. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. कागदोपत्री पाहायचं तर घरातली पाचही माणसं नापास आहेत, पण तब्येती ठणठणीत. ते कसं, हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच. चहा घेऊन बस, कारण मला थोडक्यात सांगता येत नाही हे तुला माहीत आहे, आणि आता तर त्याचा लेखी पुरावाही आहे.

विषय आपल्या भिंगरीचा. माझी नात, तुझ्या भाच्याची एकुलती एक लेक. (तिचं दाखल्यावरचं नाव वेगळं आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती स्वतःही वळून पाहत नाही.) तू तिला मागे पाहिलंस तेव्हा ती तुझ्या रोपवाटिकेतले सगळे नळ एकेक करून सोडून बघत होती, आणि कुठल्या नळाचं पाणी कुठल्या वाफ्यात जातं याचा नकाशा तिने माझ्या पाठीवर बोटाने काढून दाखवला होता. पोरगी अजून तशीच आहे. पुस्तक चालता चालता वाचते. एका पायावर उभी राहून पाढे म्हणते, आणि पाय बदलला की पाढाही बदलते. यंदा तिने चार डबे, सात पट्ट्या आणि एक बूट हरवला. एकच बूट कसा हरवतो हे तिने मला समजावून सांगितलं, आणि सांगताना ते इतकं पटलं की मी रागवायचं विसरलो. प्रश्न तर विचारूच नकोस. मासे झोपतात तेव्हा बुडत का नाहीत, इथपासून जे सुरू होतं ते आपण हात टेकेपर्यंत थांबत नाही. मला ती फार आवडते. आजोबाला नात आवडणारच असं तू म्हणशील, पण मी अडतीस वर्षं कारखान्यात तपासनीस होतो. सहजासहजी कोणाला पास करायची मला सवय नाही.

तर महिन्यापूर्वी शाळेने तिच्या आईला बोलावून एक फॉर्म हातात दिला. अठरा प्रश्न. एका जागी बसत नाही का? सांगितलेलं ऐकत नाही असं वाटतं का? प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देते का? वस्तू हरवते का? प्रत्येकापुढे चार खाने: कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, नेहमी. शून्यापासून तीनपर्यंत गुण, आणि बेरीज एका मर्यादेबाहेर गेली की पोराला लक्ष न टिकण्याचा आजार असल्याचा संशय. या आजाराला चार इंग्रजी अक्षरांचं नाव आहे. आमच्या घरी ते नाव कोणी घेत नाही, नुसतं "ती चार अक्षरं" म्हणतात. चिरंजीव आणि सूनबाई फॉर्म घेऊन एका डॉक्टरांकडे गेले, मीही शेपटासारखा मागे. डॉक्टरांनी फॉर्मवर नजर टाकली, भिंगरीवर टाकली (ती तेव्हा त्यांच्या खुर्चीचं चाक तपासत होती), आणि गोळ्या लिहून दिल्या. सात मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं, जुनी सवय. गोळ्यांचं पाकीट स्वयंपाकघरात वरच्या फळीवर साखरेच्या डब्यामागे ठेवलं गेलं आणि ठरलं, की पुढच्या सोमवारपासून रोज सकाळी एक. वार्षिक परीक्षेच्या आत फरक दिसला पाहिजे, असं शाळेचं म्हणणं होतं. दिसला नाही, तर पाचवीत घेण्याबद्दल विचार करावा लागेल.

मी घरात बोललो नाही. (तुझी भावजय म्हणते की मी तीन दिवस एवढंच बोलत होतो. तिचं मत इथे नोंदवतो आणि पुढे जातो.) पण माझ्या डोक्यात एक आकडा अडकून बसला होता. वर्गबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या की यंदा त्यांच्या बेचाळीस मुलांपैकी अकरा जणांना हा फॉर्म दिला आहे. बेचाळिसात अकरा! ताई, तुला माझ्या कामाचं फारसं माहीत नाही, मी कधी सांगितलं नाही. आम्ही बेअरिंगच्या रिंगा मोजायचो. केसाहून बारीक फरक पकडायचा, आणि न बसणाऱ्या नगावर लाल खडूने फुली मारायची. पण माप घ्यायच्या हत्याराला, म्हणजे गेजला, एक शिस्त असते. खोलीत मखमलीच्या डबीत एक अस्सल रिंग ठेवलेली असते. तिचं माप पक्कं ठाऊक असतं. रोज सकाळी आधी गेज त्या रिंगेवर लावून पाहायचं, आणि ते खरं बोलतंय अशी खात्री झाली की मगच दुसऱ्यांना हात लावायचा. एकदा एका खेपेत शंभरातले तीस नग नापास झाले. साहेब सगळा माल भंगारात काढायला निघाले होते. मी म्हटलं थांबा, आणि गेज तपासलं. ते टेबलावरून पडून वाकलं होतं. माल चोख होता. त्या दिवशी माझं फार कौतुक झालं. (गेज पाडलं कोणी, हे चौकशीत निष्पन्न झालं नाही. आता सांगायला हरकत नाही, माझाच कोपर लागला होता.)

तेव्हा पहिलं काम म्हणजे यंत्र चालतं कसं ते पाहायचं. मी मुख्याध्यापकबाईंची परवानगी काढली आणि एक तास भिंगरीच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. बसलो म्हणजे गुडघे बाकाखाली मावेनात, म्हणून आडवा बसलो. विषय होता भागाकार. सातव्या मिनिटाला मला छताच्या पंख्याचा आवाज ऐकू आला. त्याचं बेअरिंग खलास झालंय हे मी झोपेतही ओळखीन. राहवलं नाही, उठून खालून पाहून आलो. बाराव्या मिनिटाला पुढचा मुलगा खोडरबर खात होता, त्याला अडवायला उठलो. विसाव्या मिनिटाला बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी मोठ्याने उत्तर दिलं, आणि ते चुकलं. पंचविसाव्या मिनिटाला त्या माउलीने मला अत्यंत आदराने उचलून पहिल्या बाकावर बसवलं. तासाच्या अखेरीस हिशेब असा: भिंगरी जागेवरून चार वेळा उठली, मी तीन वेळा. पण खरं सांगतो, त्या बाईंपुढे मी मनातल्या मनात हात जोडले. बेचाळीस पोरं, एक आवाज, आणि कोणाचा डबा आला नाही, कोणाचं नाक वाहतंय, कोणाला भागाकार कळला असं भासवायची सवय आहे, हे सगळं त्यांना पाठ. माझ्या कारखान्यात असा तपासनीस असता तर मी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला असता. दोष बाईंचा नाही, हे मी तिथेच कागदावर टिपून ठेवलं.

मग मी फॉर्मच्या पाच प्रती काढून आणल्या. ज्यांचं माप ठाऊक आहे, म्हणजे जी माणसं चांगली धडधाकट आहेत आणि आपापली कामं करून आहेत, त्यांच्यावर हे गेज लावायचं आणि काय येतं ते बघायचं. आमच्या खात्याच्या रिवाजाप्रमाणे फॉर्मवर नावं घातली नाहीत, नुसते नग क्रमांक घातले. (नाव दिसलं की तपासनीस विरघळतो.) नग क्रमांक एक, तुझी भावजय: दुसऱ्याचं बोलणं मधे तोडते, नेहमी. हा फॉर्म भरत असताना तिने मला सहा वेळा तोडलं, तेव्हा पुराव्याचा प्रश्नच नव्हता. नग क्रमांक दोन, चिरंजीव: समोर बोलणाऱ्याकडे लक्ष नसतं, नेहमी. त्याला मी प्रश्न वाचून दाखवले, तर मोबाइलमधून डोकं वर न काढता तो प्रत्येकाला "हो बाबा" म्हणाला. अठराच्या अठरा हो! नग क्रमांक तीन मी स्वतः. पण तपासनिसाने स्वतःचा नग स्वतः पास करायचा नसतो, म्हणून तो फॉर्म मी हिच्या हातात दिला. ताई, चाळीस वर्षांच्या संसारात ही इतक्या एकाग्रतेने काही लिहिताना मी पाहिली नव्हती. मागची बाजूही भरली. चोपन्नपैकी एक्केचाळीस गुण! पाचवा नग भिंगरी, तिला छत्तीस. म्हणजे माझ्या आजारी नातीपेक्षा मी पाच गुणांनी पुढे होतो.

आता चौथ्या नगाबद्दल. ती सूनबाई. मी फॉर्म घेऊन तिच्यापुढे उभा राहिलो तेव्हा ती एका हाताने कपडे घडी करत होती आणि दुसऱ्या हाताने कार्यालयाचा फोन धरून होती. हाती घेतलेलं काम अर्धवट सोडते का, असं मी विचारलं. तिने फोन ठेवला, कपडे ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "बाबा, तुमची मोजमापं होतात, पण शाळेचे फोन मला येतात. भर मीटिंगमधून उठून जाते मी. तुमच्या मुलीला ताब्यात ठेवा म्हणतात. रोज. सोमवारी गोळी दिली आणि एक दिवस, एकच दिवस फोन आला नाही, तर मला हवंय ते." आणि मग ती रडली. मी तो फॉर्म कोरा ठेवून तसाच नापासांच्या ढिगात सरकवला, कारण दुसरं काय करावं सुचेना. तोवर मला हा सगळा खेळ वाटत होता. शनिवारी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू, मुलांच्या मनाच्या डॉक्टर आहेत, आणि त्या जे म्हणतील ते मी मुकाट्याने मान्य करीन, असं मी तिला वचन दिलं. मुकाट्याने हा शब्द तिने माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला.

शनिवारी आम्ही सगळी वरात दवाखान्यात. बाहेरच्या खोलीत आमच्याशेजारी एक बाई मुलाला घेऊन बसल्या होत्या. मुलगा चित्र रंगवत होता. माझ्या तोंडाला कुलूप नसतं, मी त्यांच्यापुढे गोळ्यांच्या विरोधात अर्धं भाषण ठोकलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की त्यांचा मुलगा दोनदा भर रस्त्यात गाडीपुढे धावला होता. दोन वर्षं सगळं करून पाहिलं, मग गोळी सुरू झाली, आणि एक दिवस त्याने त्यांचं एक वाक्य पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. वाक्य साधंच होतं, मोजे कुठे आहेत याबद्दल. माझं उरलेलं अर्धं भाषण तिथेच राहिलं. अशा पोराला गोळी नाकारणारा मी कोण?

इतक्यात आमचा नंबर लागला. डॉक्टरबाई वयाने सूनबाईएवढ्या, केस आखूड, पायात कापडी बूट. चिरंजीवांनी फॉर्मचं पाकीट पुढे केलं. बाई वाचू लागल्या. वाचता वाचता भिंगरीकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. मग तिला जवळ बोलावून तोंड उघडायला सांगितलं आणि दात मोजले. आम्ही चकित. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "इथे लिहिलंय, वस्तू हरवते, नेहमी. चष्मा, छत्री, खालची कवळी. कवळी दोनदा, एकदा फ्रिजमध्ये सापडली." मी वाकून कागदावरचा आकडा पाहिला. चिरंजीवांनी पाकिटात पाच नंबरऐवजी तीन नंबर घातला होता! (त्याला मी सकाळी नंबर बजावून सांगितला होता आणि तो "हो बाबा" म्हणाला होता.) बाई थांबायला तयार नव्हत्या. रांगेत उभी राहत नाही, पेन्शनच्या खिडकीवर भांडते. रेडिओ दुरुस्त करायला उघडते, तो चार वर्षं उघडाच आहे. झोपेतही बडबडते, विषय बेअरिंग. भिंगरी हसून हसून जमिनीवर लोळायला लागली. सूनबाई महिन्यात पहिल्यांदा हसली, आणि मग तिला थांबताच येईना. मला उभं राहून सगळा गुन्हा कबूल करावा लागला: गेज, अस्सल रिंग, पाच नग, सगळं. मला वाटलं आता बाहेर काढतात. बाईंनी माझ्या पिशवीतले उरलेले चार फॉर्म मागून घेतले, सगळे वाचले, कोऱ्या फॉर्मवर जरा जास्त वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, फॉर्म नुसता सांगतो की इथे बघा. बघायचं काम माझं."

आणि त्यांनी जे बघितलं, ताई, ते मी आयुष्यभर विसरणार नाही. मी तपासणी खात्यात भले भले लोक पाहिले, पण असा हात पाहिला नाही. दोन तास! जमिनीवर बसल्या. कान तपासायला पाठवलं, डोळ्यांचं विचारलं, झोप किती, कधी, कुठे, घोरते का. घरी काय, शाळेत काय, खेळताना काय, एकटी असली की काय. वर्गबाईंना तिथूनच फोन लावला आणि वीस मिनिटं बोलल्या, मधे एकदाही त्यांचं वाक्य तोडलं नाही. मी माझा हुकमी एक्का काढला: भिंगरी मागच्या रविवारी त्रेचाळीस मिनिटं एका जागी बसून मुंग्यांची रांग पाहत होती, मी वेळ लावली होती, मग लक्ष नाही कसं म्हणता? बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या की आवडीच्या गोष्टीत अशी पोरंही तासन्‌तास रमतात, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. माझा एक्का माझ्या हातात परत. पण त्यांच्याबद्दलचा आदर दुप्पट झाला, कारण माझ्या बाजूचा खोटा पुरावासुद्धा त्यांनी पास केला नाही.

शेवटी त्यांनी जन्मतारीख विचारली. सूनबाईने सांगितली. बाईंनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि वर्गातल्या बाकीच्या मुलांची वयं विचारली. बाकीची साडेनऊ, पावणेदहा. आपली भिंगरी सव्वाआठ. बाई म्हणाल्या की हे असं फार होतं. वर्गात सगळ्यांत लहान असलेलं मूल चुळबुळं दिसतं, कारण ते लहान असतं, आणि पुष्कळदा त्याच्यावर नको तो शिक्का बसतो. सव्वाआठच्या मुलीकडून पावणेदहाची स्थिरता मागणं बरोबर नाही. आज तरी गोळीची गरज त्यांना दिसत नाही. तिच्या वयाच्या मुलांबरोबर बसू द्या, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा चौथीत. सहा महिन्यांनी परत दाखवा, तेव्हाही अडचण दिसली तर सगळ्या उपायांचा, गोळीचासुद्धा, नीट विचार करू. पहिल्या डॉक्टरांबद्दल एक वाकडा शब्द नाही. मग वर्गबाईंना पुन्हा फोन लावला, त्यांनी ते फोनवरच मान्य केलं आणि म्हणाल्या म्हणे, की उरलेल्या दहा जणांच्या जन्मतारखाही एकदा काढून पाहते. काय ही शाळांची घाई! एवढ्याशा पोरीला सव्वा वर्ष आधी पहिलीत घ्यायचं, आणि मग ती बसत नाही म्हणून फॉर्म द्यायचा. सोमवारी सकाळी सूनबाईने गोळ्यांचं पाकीट फळीवरून काढलं आणि दुकानात परत देऊन आली. बाकीचं पुढे बघू.

तुझ्या प्रकृतीला जप. खोकल्याची गोळी मात्र न चुकता घे. तिथल्या लहानथोरांना यथायोग्य नमस्कार आणि आशीर्वाद. तुझी भावजय मागे उभी राहून हे पत्र वाचते आहे आणि बरंच काही खोडायला सांगते आहे. मी ऐकत नाही असं तिला वाटतं. नेहमी.

तुझा धाकटा भाऊ
(नग क्रमांक तीन)

ता. क. कवळी एकदाच हरवली होती. दुसऱ्या वेळी ती तोंडातच होती आणि मी घरभर शोधत होतो. फॉर्ममध्ये हे चुकीचं नोंदलं गेलं आहे.

आणखी एक ता. क. वर "शाळांची घाई" असं मी लिहिलं आहे. ते पान फाडून पुन्हा लिहीत बसत नाही, इथेच दुरुस्त करतो. शाळेने घाई केली नाही. भिंगरी पावणेपाच वर्षांची असताना वर्तमानपत्र वाचायची. त्याचा मला इतका अभिमान होता की मीच तिचं बोट धरून मुख्याध्यापकबाईंकडे गेलो, त्यांच्यापुढे तिच्याकडून अग्रलेख वाचून घेतला आणि तिला पहिलीत घ्या म्हणून हट्ट धरला. त्या नको म्हणत होत्या. सूनबाईही नको म्हणत होती. डॉक्टरबाईंनी जन्मतारीख मोजली तेव्हा सूनबाई माझ्याकडे बघेल असं वाटलं होतं. तिने पाहिलं नाही. रिक्षात बसताना मला खिडकीची जागा दिली. ताई, मी त्या पोरीची योग्यता आजवर ओळखलीच नव्हती.

शेवटचा ता. क., आणि पत्र खरं यासाठीच लिहायला घेतलं होतं. भिंगरीला परवा सांगितलं की पुढच्या वर्षी पुन्हा चौथीत बसायचं आहे. आम्ही तिघांनी तीन तऱ्हांनी गोड करून सांगितलं. तिने एकही प्रश्न विचारला नाही. तेव्हापासून ती एका जागी बसून असते. आख्खा महिना सगळ्यांना हेच हवं होतं, आणि आता ती जिन्याच्या पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसलेली बघवत नाही. काल मी शेजारी जाऊन बसलो तेव्हा तिने एवढंच विचारलं, की आपल्या घरात याआधी कोणी एकाच वर्गात दोनदा बसलं होतं का. मी म्हटलं, चौकशी करून सांगतो.

एकसष्ट वर्षं झाली. आपल्या घरात ती गोष्ट कोणी काढत नाही, मीही कधी काढली नाही. तू चौथीत दुसऱ्यांदा बसलीस त्या वर्षी मी चौथीत आलो. गुरुजींनी आपल्याला एका बाकावर बसवलं, आणि मी उठून पोरांना सांगितलं की ही माझी बहीण नाही, लांबची कोणीतरी आहे, आणि खिडकीजवळ दुसऱ्या बाकावर जाऊन बसलो. तुला ऐकू गेलं होतं. तू घरी सांगितलं नाहीस. येताना माझं दप्तरही रोजच्यासारखं तूच धरलंस. मला माफ कर. हे म्हणायला एकसष्ट वर्षं लागली, त्याबद्दल वेगळं माफ कर.

भिंगरीला एक पत्र लिही. मोठ्या अक्षरात, तुझ्या हाताने. दुसऱ्या वर्षी काय काय सोपं गेलं, कोण नवीन मैत्रीण मिळाली, ते सगळं लिही. आणि मी कुठे बसलो होतो, तेही लिही. ती मला विचारणारच, आणि मला ते तिच्या तोंडावर सांगता येणार नाही.